भिंतीपलीकडचा वेल

१ मार्च, रविवार. सकाळ.
आजपासून अंगण. ठरलं म्हणजे ठरलं. पुढचं, मागचं, बाजूचा बोळ, सगळं. महिनाअखेरीला असं अंगण उभं करीन की फुलराव भिंतीवरून डोकावतील आणि डोकावतच राहतील.

फुलराव म्हणजे शेजारचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. हे नाव मी ठेवलंय. त्यांच्या बाजूने भिंतीवर जांभळ्या फुलांचा वेल आहे. वसंत आला की तो फुलतो आणि आमच्या घराचं बिनसतं. संध्याकाळी ऑफिसातून येतो तर घरात दिवा नाही, आणि ही त्या वेलाखाली खुर्ची टाकून बसलेली. पूर्वी आमच्या मागच्या पायरीवर बसायची, माझ्याशेजारी. तिथे एवढं काय आहे म्हणून काल विचारलं. म्हणाली, बघायला काहीतरी आहे.

मी जळणाऱ्यांतला नाही. माझी हरकत तत्त्वाची आहे.

१ मार्च. दुपार.
हातमोजे नाहीत. हातमोज्यांशिवाय सुरुवात करणं अशास्त्रीय. झोपलो.

४ मार्च.
हातमोजे आणले. शिवाय फांद्या छाटायची कात्री, आणि कुंड्यांत खोचायच्या नावाच्या पाट्या. हिने विचारलं, कुंड्या कुठायत. आधी ध्येय, मग कुंड्या. होस्टेलवरून लेकीचा फोन. बाबा, मागच्या वर्षीची करवत कागदातून बाहेर आली का म्हणे. ती याच वर्षासाठी जपून ठेवली होती, हे तिला सांगितलं. हसली. आईवर गेलीय.

८ मार्च, रविवार.
पुढचं अंगण चकाचक. म्हणजे पाचोळा बाजूच्या बोळात लोटला. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आमच्याइतकं स्वच्छ घर दिसणार नाही.

फुलरावांच्या अंगणात पाचोळा तसाच पडून. मास्तर, झाडत नाही का, असं सहज विचारलं. म्हणाले, कुठून काय उगवतंय ते कळल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही. आळसाला माणूस किती छान कपडे घालतो. ही मात्र मान डोलावत होती. माझ्या बोलण्यावर तिने अशी मान शेवटची कधी डोलावली, ते आठवायला बसलो तर जेवण गार झालं.

सत्तरीचे आहेत. केस शाबूत. नोंद असावी.

१२ मार्च.
खरी लढाई मागच्या भिंतीशी. तिथे आमची अडगळ: गंजका कूलर, दोन टायर, दगड झालेलं सिमेंटचं पोतं, लेकीची तीनचाकी. आणि ही रोज भाज्या धुतलेलं पाणी नेऊन त्या अडगळीमागे ओतते. हाताशी मोरी असताना. डास होतात म्हटलं. म्हणाली, होऊ देत. या घरात पद्धतशीर विचार करणारा मी एकटा.

१४ मार्च.
ही बहिणीकडे गेली. बहिणीचं ऑपरेशन आहे, पाच-सहा दिवस राहील. निघताना म्हणाली, मागचं राहू द्या हं, मी आल्यावर मिळून बघू. म्हणजे मला एकट्याला जमणार नाही. कळलं.

१५ मार्च, रविवार.
जमलं.

भंगारवाला अडगळ घेऊन गेला. तीनचाकी देताना जरा घोटाळलो, पण सुधारणा म्हटली की भावना आड येता कामा नये. मागे भिंतीलगत मनगटाएवढा जाड, करडा सोट निघाला. जमिनीतून वर येऊन भिंतीवर चढलेला. पान नाही, कोंब नाही. मेलेलं लाकूड. इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही, मला एका सकाळीत दिसलं. करवतीने कापला. आतून ओलसर होता. हिच्या बादल्यांचा परिणाम. बुंधा कुदळीने उखडला. वरचा तुकडा ओढला तर पलीकडे कशात तरी अडकलेला. दिला सोडून. शेजाऱ्याची हद्द मी पाळतो.

भिंत आता अशी दिसते की तिच्याकडे पाहत जेवावं. जेवलो.

१७ मार्च.
फुलरावांचा वेल मान टाकतोय.

मला आनंद वगैरे झालेला नाही. निरीक्षण म्हणून लिहितो. म्हातारा सकाळपासून पाण्याची नळी घेऊन धावतोय. भिंतीवरून सल्ला दिला, खत जास्त झालं असेल. म्हणाले, खत मी कधी घातलंच नाही. मग कमी झालं असेल, म्हटलं. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही.

१८ मार्च.
फुलं गळाली. भिंतीवर नुसती तपकिरी जाळी. वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न केला. जेवण फार छान झालं.

१९ मार्च.
दोन वेताच्या खुर्च्या आणल्या. मागच्या पायरीशी मांडल्या. उद्या ही येईल, पलीकडे बघण्यासारखं काही नाही हे बघेल, इकडे वळेल. एकीत मी, एकीत ती. बसून पाहिलं. दोन्हींत.

२० मार्च. संध्याकाळ.
ही आली. बॅग दारात टाकून आधी फुलरावांकडे. वेल बघून मटकन बसली. मी सांत्वनाला मागोमाग गेलोच होतो. फुलराव भिंतीवर हात फिरवत म्हणाले, ताई, माझ्याकडचं सगळं करून झालं. मूळ ठीक आहे ना?

मूळ, असं मी मनात म्हटलं.

दोघं आमच्याकडे मागे आली. मी वाट दाखवत पुढे. स्वच्छ भिंतीबद्दल कोणी काही बोललं नाही. वरून कापलेलं टोक लोंबत होतं. काप अगदी सरळ होता, त्याचंही कोणी नाव काढलं नाही. फुलराव चष्मा पुसत बसले. ही बराच वेळ मातीकडे बघत होती.

मग हिने सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, या घरात आलो त्या वर्षी मी लावला. आपल्याकडे सावली, म्हणून तो ऊन शोधत भिंतीपलीकडे गेला. मास्तरांनी तोडला नाही, दोऱ्या बांधून दिल्या. मी तिथे आपलाच वेल बघायला जात होते. आणि अहो, खड्डा तुम्हीच खणला होता. कंबर धरून दोन दिवस पडून होतात, तेवढं तरी आठवतं का?

तेवढं आठवलं.

२० मार्च. जेवणानंतर. एकट्याने.
शांतपणे विचार केला. वेल आमचा. खड्डा माझा. म्हणजे इतकी वर्षं येणारा-जाणारा फुलरावांचं जे कौतुक करत होता, ते न्यायाने माझं होतं. केवढी फसवणूक. हे हिला सांगायला गेलो. दाराला आतून कडी होती.

२१ मार्च.
लेकीचा फोन. बाबा, आईचा वेल? एवढंच म्हणाली. मी करवतीचा विषय काढून पाहिला, एरवी तिला हसायला पुरतो. हसली नाही.

२५ मार्च.
ही बोलते. पण फक्त गॅस, दूध, किल्ली.

फुलराव डबा घेऊन आले. मागच्या छाटणीच्या वेळी त्यांनी वेलाची एक काडी मातीत खोचून ठेवली होती, तिला पानं फुटलीत. डबा हिच्या हातात दिला. तुमचा आहे ताई, कुठे लावायचा ते तुम्ही सांगा. मी ताबडतोब आमची मागची भिंत सुचवली. मोकळी जागा, शिस्तीत, अडगळ शून्य. हिने आमच्या अंगणावरून एकदा नजर फिरवली. म्हणाली, मास्तर, तुमच्याकडेच लावू. आमच्याकडे साफसफाई असते.

२९ मार्च, रविवार.
रोप लावलं. फुलरावांच्या अंगणात. खणायला मला बोलावलं, फुलरावांची पाठ धरते म्हणून. हिने मला आपणहून हाक मारली, वीस तारखेनंतर हे पहिलंच. गेलो धावत. खड्डा हवा त्यापेक्षा खोल खणला, कोणी बोट ठेवू नये म्हणून. फुलराव म्हणाले, वा. म्हाताऱ्याला चांगल्या कामाची पारख आहे.

रोप हिने स्वतः ठेवलं. मी माती लोटायला फावडं उचललं, तर ही उठून रोपाच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. माझ्या हातातून फावडं काढून घेतलं आणि फुलरावांना दिलं.

त्यांना वाकता येत नाही. तरी त्यांनाच दिलं.