पंप थांबू नये म्हणून पाचवा अर्ज

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता (विद्युत),
इमारत देखभाल कार्यालय, तळमजला.

विषय : तिसऱ्या मजल्यावरील पेशीसंवर्धन खोलीस शनिवार-रविवार जनरेटरची वीज मिळणेबाबत, ते न जमल्यास शेवटच्या परिच्छेदातील विनंती मान्य होणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज व आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे.

महोदय,

मी, खाली सही करणारी, वरील खोलीत तंत्रज्ञ आहे. मुख्य केबल बदलण्यासाठी शनिवारी सकाळी दहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत वीज बंद राहील, ही आपली सूचना मिळाली. आज गुरुवार आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही.

१. माझ्या खोलीत एका रुग्णाचे हाड वाढत आहे. रुग्ण घड्याळजी आहेत. गाठीमुळे त्यांचा खालचा जबडा बराचसा काढावा लागला. त्यांच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या मूळपेशी एका सच्छिद्र साच्यावर वाढवून जबड्याचा नवा तुकडा तयार होतो आहे. साचा बंद भांड्यात असतो आणि पंप त्यातून पोषक द्रव सतत खेळवत राहतो. द्रव वाहता असला तरच आतल्या पेशींना अन्न पोचते, आणि त्याच्या रेट्यामुळेच त्या हाड धरू लागतात. पंप थांबला की वरचा थर कसाबसा तगतो, आतला मरतो. आज अठ्ठाविसावा दिवस आहे. पस्तिसाव्या दिवशी शस्त्रक्रिया आहे. आमची बॅटरी चार तास टिकते. वीज बत्तीस तास जाणार आहे.

२. जनरेटरच्या यादीत आमची खोली नाही, ही चूक माझी. पाहणीला आपले वायरमन आले तेव्हा दारावर मीच लावलेली पाटी होती : "आत येऊ नये. पेशी वाढत आहेत." ते भले गृहस्थ पाटी वाचून आल्या पावली परत गेले आणि यादीत "खोली बंद" असे लिहिले. सही झालेल्या यादीत आता नवी खोली घालता येत नाही, असे मला तोंडी कळवण्यात आले. पाटी मी काढली आहे. आता कोणीही यावे.

३. आपल्या पहिल्या उत्तरात यंत्र दोन दिवस बंद ठेवून सोमवारी दुप्पट वेगाने चालवावे, असे सुचवले आहे. महोदय, दोन दिवस कोंडलेला श्वास सोमवारी भरून काढता येत नाही. दुसऱ्या उत्तरात, जनरेटर फक्त जिवंत रुग्णांसाठी असल्याने हाडाचा हयातीचा दाखला मागितला. मी पेशींची सूक्ष्मदर्शकातून काढलेली छायाचित्रे जोडली. छायाचित्रांवरून इसमाची ओळख पटत नाही, सबब संबंधिताने समक्ष येऊन तोंडी निवेदन द्यावे, असे तिसरे उत्तर आले.

४. संबंधित काल समक्ष आले. बायकोच्या खांद्याचा आधार घेत तासभर रांगेत उभे राहिले. खिडकीवरच्या कारकुनांनी तोंडी निवेदन मागितले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, यांना बोलता आलं असतं तर आम्ही इथं कशाला आलो असतो?" त्यावर "निवेदन दिले नाही" असा शेरा मारून पोचपावती देण्यात आली. मला तिथेच रडू फुटले. हे अर्जात लिहिण्याची पद्धत नसेल, पण फुटले. पुन्हा पेशी काढण्याइतकी ताकद त्यांच्या अंगात राहिलेली नाही, असे डॉक्टर सांगतात. दुसरे हाड होणार नाही.

५. म्हणून आता मी वीज मागत नाही. पंपाला हाताने फिरवायचा दांडा आहे. भांडे उबदार ठेवायला गरम पाण्याच्या पिशव्या मी घरून आणीन. फक्त सुट्टीच्या दिवशी इमारतीला कुलूप लागते, ते या शनिवारी लावू नये आणि आम्हा तिघांना आत राहू द्यावे, एवढेच हात जोडून मागते. काल जिना उतरताना घड्याळजींनी आपल्या पोचपावतीच्या पाठीवर लिहून मला विचारले, "मिनिटाला किती फेरे?" मी म्हटले, बारा. त्यांनी त्याखाली काय लिहिले, ते आपणच पाहावे.

शनिवारी सकाळी दहाच्या आत उत्तर मिळेल या आशेवर,

आपली नम्र,
(सही)
तंत्रज्ञ, पेशीसंवर्धन खोली, तिसरा मजला
दिनांक : १७, गुरुवार

सोबत :
१. चार अर्जांच्या व तीन उत्तरांच्या प्रती.
२. दारावरून काढलेली पाटी.
३. कालची पोचपावती. पुढील बाजूस आपल्या कार्यालयाचा शेरा : "निवेदन दिले नाही." मागील बाजूस रुग्णाचे निवेदन : "बाराच. एकही कमी पडणार नाही. फक्त दार उघडं ठेवा."