झेंड्याची गाठ

आबा, काल नात शाळेच्या झेंड्याची दोरी घेऊन घरी आली. गाठ मारायचं काम तिच्याकडं आलंय. मी तिला तुमची गाठ शिकवली, कोकरू बांधायची, एका हिसक्यात सुटणारी. ती म्हणाली, "आजी, तुला कुणी शिकवली?" "माझ्या बापानं," म्हटलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. शहागंजच्या बाजारातून आणलेल्या किराण्याच्या पुड्यांवरून मी माझी मीच वाचायला शिकले, ते तुम्ही पाहिलं होतं. लिहायला शिकले ते तुम्ही गेल्यावर.

लासूर स्टेशनच्या माळावर मी सात-आठ वर्षांची असेन. गाठ मारताना सुटं टोक मी नेहमी उलटीकडून घ्यायचे. मग ओढलं की गाठ सुटायच्या ऐवजी आवळायची. एकदा कोकराचा गळा आवळला आणि तुम्ही ओरडलात, "अगं बये, जीव घेतीस का त्याचा? सुटंल अशी मारावी, नाय तर मारूच नाय!" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याकडून तीच गाठ मारून घेतलीत. हात तरी उलटेच चालायचे.

पुढं मेंढरं विकली आणि आपण वाळूजला आलो. तुम्ही ठेकेदाराकडं कारखान्यात लागलात, आणि माझे मालक वारल्यावर मीही तिथंच झाडूला. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट आला की आपल्याला पहाटे बोलावायचे. बायका मैदान झाडणार, फक्की टाकणार, झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या भरणार. तुम्ही गाठ मारून झेंडा वर चढवणार. आणि कायम कामगार इस्त्रीचे कपडे घालून यायला लागले की वॉचमन म्हणणार, "चलो, ठेकेवाले बाहर." त्यांना पगारी सुट्टी, वर लाडू. आपल्या कार्डावर त्या दिवसाचा चौकोन कोरा. हजेरी नाही म्हणजे रोजही नाही. तुम्ही गेटबाहेर भिंतीशी उभे राहता, टोपी नीट करता, आतलं राष्ट्रगीत संपेपर्यंत हलत नाही. तुमच्या गाठीतून पाकळ्या कशा पडतात ते तुम्ही एकदाही पाहिलं नाही. मी विचारलं तर म्हणालात, "पडत असतील की. गाठ चांगलीय."

तुम्ही गेल्यानंतरची पहिली सव्वीस जानेवारी. विद्यापीठाचा नामविस्तार होऊन बाराच दिवस झाले होते. शहरात कुठं निळ्या पताका, कुठं पोलिसांच्या गाड्या. माझ्यासोबत झाडणारी मैत्रीण लहानपणापासून नामांतराच्या मोर्च्यांत चाललेली. तिच्या डब्यातलं खाल्लं म्हणून तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात, आठवतं ना? त्या दिवशी तुमची गाठ माझ्याकडं आली. मारली, झेंडा चढवला, आणि आम्ही अकरा जणी बाहेर.

भिंतीशी, तुमच्याच जागेवर उभी होते. आतून राष्ट्रगीत येईना, टाळ्याही येईनात. मग वॉचमन पळत आला. "गाठ किसने मारी? साहब खींच खींच के थक गये!"

मैत्रिणीला हसू आवरेना. मी निघाले तर तिनं माझा पदर धरला. "एकटी नाय. समद्या जाऊ. अन् कार्डं घ्या गं हातात."

वॉचमन "अरे सब नहीं, सब नहीं" करत राहिला आणि आम्ही आत शिरलो. शे-दोनशे माणसं सावधान उभी. साहेबांचा चेहरा लाल, हातात दोरी. शेजारी पाहुणे म्हणून आलेले कामगार खात्याचे अधिकारी. झेंडा खाली उतरवला. मी आवळलेली गाठ सोडवली, पण नवी मारायच्या आधी थांबले. एवढी माणसं गप्प उभी असली की बोलणं किती सोपं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"साहेब, मारते गाठ. पण आमची आजची हजेरी लागती का?"

"बाई, ही वेळ आहे का?"

"मग कोणती? एरवी तर आम्ही बाहेर असतो."

कायम कामगारांत कुणीतरी फसकन हसलं. पाहुण्यांनी विचारलं, "यांना आजचा रोज देत नाही तुम्ही?"

"ठेकेदाराची माणसं आहेत, सर."

"झेंडा तर तुमचा आहे ना?"

साहेबांनी कपाळ पुसलं. "लागेल हजेरी. ठेक्यावरच्या सगळ्यांची लागेल. दर वेळी. मारा आता."

मैत्रीण मागून म्हणाली, "ऐकलं ना समद्यांनी? मार गं."

मी तुमचे शब्द पुटपुटत गाठ मारली. साहेबांनी ओढलं. आबा, पडतात त्या पाकळ्या. सगळ्या एकदम नाही पडत. आधी एक लोंढा येतो, साहेबांच्या टकलावर, वॉचमनच्या टोपीवर. मग चार-दोन मागं राहिलेल्या, वाऱ्यावर सावकाश उतरतात. तशी एक माझ्या कार्डावर पडली. लाडू मैत्रिणीनं आणि मी अर्धा-अर्धा मोडून खाल्ला, सगळ्यांसमोर. त्यानंतर झेंड्याच्या दिवशी आम्हाला कुणी बाहेर काढलं नाही आणि कार्डावरचा चौकोन कोरा राहिला नाही.

वस्तीत अजून सांगतात, बाईनं साहेबाला गाठीत धरलं, मुद्दाम उलटी मारली. मी हसून व्हय म्हणत आले. मैत्रिणीलाही, ती जाईपर्यंत, वेगळं सांगितलं नाही. हे पत्र घडी करून त्या कार्डापाशी ठेवीन; पोस्टात टाकायला तुमचा पत्ता कुठला. आज पहिल्यांदा, तुम्हालाच सांगते. मुद्दाम नव्हतं, आबा. टोक पुन्हा उलटीकडूनच गेलं होतं.