उन्हाळ्यातल्या नोंदी

१२ मे
बुद्धपौर्णिमेची सुट्टी. घरी खीर खाल्ली आणि दुपारी प्रयोगशाळेत आले. अमरावती नुसती भाजून निघाली आहे – ओट्यापाशी चव्वेचाळीस! थंड खोली एकच, ती यंत्राची. यंत्र पंचविसावर सुखात, आम्ही बाहेर घामात.
कपाशीच्या मातीतल्या जिवाणूचा एन्झाइम पुन्हा काढला. मूळचा पिवळा. प्रयोगाआधी त्याचा रंग घालवायचा, मग यंत्रात ऑक्सिजनच्या पाण्याशी गाठ घालायची. पापणी लवायच्या आत पिवळा परततो. तो किती वेगानं परततो, एवढंच मोजत पाच वर्षं गेली.

१३ मे
ऑक्सिजन सोडलेल्या पाण्याची बाटली आमच्या शिपाई नत्थुजींनी ओट्यावरून उचलली. "मॅडम, हे पानी तं चहावानी तापलं! आमच्या कौंडण्यपूरच्या डोहात पानी असं तापलं का मासे वर तोंड काढून राह्यतात. दम घुटते त्याइचा."
हसले. मग हसूच आटलं.
तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. शाळेतल्या पोरालाही ठाऊक! तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या नोंदी माझ्या सीनियर रागिणीताईनं घेतल्या. मे महिन्यात तिला कावीळ झाली, आमचे मार्गदर्शक सर रजेवर होते, म्हणून उन्हाळ्यातल्या मी घेतल्या. बाटली ह्याच ओट्यावर होती. वहीत मात्र ऑक्सिजनचा पंचवीस अंशांचा तक्त्यातला आकडा उतरवला. पाण्यात थर्मामीटर घातलाच नाही!
ऑक्सिजनच कमी, म्हणून वेग एक तृतीयांशानं कमी आला. ताईनं लिहिलं – जिवाणू उन्हाळ्यात एन्झाइमचं वेगळं, मंद रूप बनवतो. तिचा पेपर, तिची पीएच.डी. त्यावरच उभी आहे.

१५ मे
फ्रीझरमध्ये दोन्ही हंगामांचे जुने नमुने सापडले. दोघांनाही एकाच, पंचवीस अंशांच्या बाटलीतलं पाणी दिलं. अकरा वेळा. आलेखाच्या रेघा एकमेकींवर बसल्या.
उन्हाळी रूप नाहीच. कधी नव्हतंच. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१६ मे
सरांना रेघा दाखवल्या. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग – "चोवीसला अकोल्यात रागिणीची मुलाखत आहे. कायमची जागा. तेवढी होऊ दे."
दोन वर्षं ताई तिथे तासिकांवर शिकवते आहे. मला माहीत नाही का? पण खोट्यावर मिळालेली जागा तिला तरी पचेल का? सरांना तोंडावर म्हणाले, "चूक कळल्यावर एक दिवससुद्धा गप्प बसणं म्हणजे लबाडी."
नोंदी कोणी घेतल्या ते त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही. आधी ताईला सांगते, मग त्यांना.

१७ मे
सांगायचंच. उद्या अकोला.

१८ मे
ताईनं पन्हं दिलं. मी जुनी वही आणि नव्या रेघा टेबलावर मांडल्या. तिनं चष्मा लावून एकेक पान पाहिलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"पान्याचं टेंपरेचर घेतलं नोतं का तूनं?"
"नाही."
"मीनंबी नाई घेतलं. हिवाळ्यात कोन पायते?"
"मला माफ कर, ताई."
"माफी कायची? पेपर माहा हाय. काय कराचं थे मी पायतो." वही तिनं स्वतःपाशी ठेवून घेतली. मग दारात उभी राहून, "तुहा प्रबंध कवा देतं?"
"जूनमधे."
"हं. उनाची जाऊ नको, थांब जराशी." पण मला तिथे बसवेना.

२४ मे
आज मुलाखत. फोन करायचा धीर नाही. जे केलं ते योग्यच केलं.

२७ मे
ताई मुलाखतीला गेलीच नाही. पेपर मागे घ्यायचं पत्र तिनं एकोणीस तारखेलाच धाडलं होतं. प्रत आज सरांकडे आली. त्यात लिहिलंय – 'उन्हाळ्यातल्या सर्व नोंदी मी स्वतः घेतल्या. चूक केवळ माझी आहे.'
सरांनी चष्मा काढला. "त्या नोंदी रागिणीनंच घेतल्या होत्या ना, दीक्षा?"
मी 'हो' म्हणाले.