तळमजल्यावर कोण हवं

आई, हे वाणसामानाचं दुकान मला काय भावाने पडलं, ते भाड्याच्या आकड्यावरून कळायचं नाही. तुझं शेवटचं आजारपण मी गल्ल्यावर बसून फोनवर ऐकलं. तू खोकायचीस आणि मी गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून द्यायचो. ती खरी किंमत.

इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गच्या मध्यवस्तीत आता लोक वाढतायत, इमारती उठतायत. आमची बुटकी दुकानांची ओळ पाडून फ्लॅट होणार, आणि खाली कोणती दुकानं ठेवायची ते रहिवाशांना विचारून ठरणार, म्हणून सभा बोलावली होती. मी घरी छाती फुगवून म्हणालो, माझ्यावाचून या भागाचं पान हलत नाही. कोथिंबिरीपासून ते शेजारी घरी नसताना येणाऱ्या त्यांच्या पार्सलांपर्यंत सगळं माझ्याकडेच. तुझी सून म्हणाली, "अहो, पण तुम्ही स्वतः बोला. इथे गप्प बसणाऱ्याला काही नकोय असंच धरतात."

मी मागच्या रांगेत बसलो. माझे कान तुला ठाऊक आहेत, कुजबुजही सुटत नाही. कोणाला बेकरी हवी, कोणाला औषधांचं दुकान. समोरच्या इमारतीतल्या म्हातारीची पार्सलं मी वर्षानुवर्षं सांभाळली; तिने पार्सलं ठेवून घेणारं कुलपाच्या खणांचं मशीन मागितलं, म्हणजे कोणाला त्रास नको. एक तरुण मुलगी म्हणाली, जवळपास एखादं भारतीय वाणसामानाचं दुकान असतं तर किती बरं. मला हसू आलं, ते अर्ध्यातच विरलं. सभा चालवणाऱ्याने विचारलं, आणखी कोणी?

आणि मला तुझी खानावळ दिसते. मी कॉलेजच्या पोरांना ओरडून सांगतोय, आमच्यासारखी आमटी गावात नाही. तुझ्या हातातली पळी थांबते. "आपलं आपण सांगायचं नसतं रे. चव असेल तर लोक बोलतील."

तुझ्याबद्दल बोलायचे लोक. मी हात मांडीवरच ठेवला. खाली बेकरी आणि औषधांचं दुकान ठरलं, मला जागा सोडायची नोटीस आली.

घरी म्हणालो, आईची शिकवण आड आली. तुझ्यावर ढकललं. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुला सांगतो: मला भीती वाटली. हात वर केला असता आणि कोणीच मान डोलावली नसती तर?

शटर ओढून बरेच आठवडे झाले. काल बसथांब्यावर ती म्हातारी भेटली. छान हसली, आपुलकीने म्हणाली, "बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. सुट्टीवर गेला होतात का?"

मी हो म्हणालो.