आमच्या गल्लीत दार कोणी वाजवत नाही

प्रिय बाई,

तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक असून लिहितोय. सहा वर्षं टाळलं. पण आज दुपारी आमगावला उतरलो आणि फुलवंता मावशीनं सांगितलं की तुमच्या घराला भूत लागलंय. दार वाजवणारं भूत! तेव्हापासून तिच्या ओट्यावर बसून आहे. कारण ते भूत मी आहे, बाई.

कागद मावशीच्या नातीच्या वहीतला आहे. मावशी बांधावरचं गवत कापायला गेलीय. जाताना म्हणाली, "बस इथंच. आल्यावर चा मांडीन. पळू नोको." मी पळतो हे हिला कोणी सांगितलं असेल?

तुमचं घर समोरच. दाराला कुलूप, छपरीवरचे चार-पाच मातीचे कवेलू घसरलेले, जाईचा वेल खांब सोडून जमिनीवर आलेला. आम्ही सात पोरं त्या छपरीत सतरंजीवर शिकवणीला बसायचो, आणि तुम्ही इंग्रजीचं ते जुनं पुस्तक उघडायच्या. पुठ्ठा गेलेला, पहिली पानंही गेलेली, त्यामुळं नाव काय ते आम्हाला कधीच कळलं नाही. ब्रिटनमधली माणसं रोज कशी जगतात ते इंग्रजी शिकणाऱ्यांना सांगणारं पुस्तक. तुम्ही स्वतः नागपूरच्या पलीकडं गेला नव्हता. पण बोलायच्या अशा, की जणू लंडनला तुमची सख्खी बहीण दिलीय!

रांगेचा धडा आठवतो का? तुम्ही म्हणालात, तिकडं दोन माणसं असली तरी रांग लागते, उद्यापासून तुम्हीही लावा. आम्ही बसस्टँडवर सातजण एकामागं एक उभे राहिलो. देवरीची गाडी आली, अख्खं गाव आमच्या बाजूनं चढलं आणि गाडी निघून गेली. कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "क्या भाई, किसका फोटू खिंच रहा है?" तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "गाडी चुकली, पण कोणाला धक्का तर नाही ना दिला?"

आणि हवेचा धडा! तिकडं अनोळखी माणसाशी आधी हवेबद्दल बोलतात. मी मे महिन्यात टाक्याजवळ मावशीला म्हटलं, "लव्हली डे, मावशी." ती डोक्यावर हंडा घेऊन उभी. "डोस्कं तापलं का रे तुह्यं?" म्हणाली. मग चहाचा दिवस. चहा एका भांड्यात, दूध दुसऱ्या, साखर तिसऱ्या. मावशी नेहमीसारखी हाक मारत आत आलेली. भांडी बघून म्हणाली, "बाई, दूध येगळं काऊन? गाय रुसली का?" त्या दिवशी मात्र तुम्ही हसलात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. असं हसणं मी सुरतेला, रायपूरला, हैदराबादला कुठंच ऐकलं नाही. हैदराबादला एक म्हातारा होता, ट्रकच्या मागं नावं रंगवायचा, तो जरा तसा हसे... जाऊ द्या. विषय सोडून पळायची माझी खोड तुम्हाला माहीतच आहे.

दाराचा धडा सांगायचाय.

आपल्या गल्लीत दार फक्त रात्री लागतं. दिवसा माणूस रस्त्यावरूनच हाक मारतो आणि हाक संपायच्या आत चुलीपाशी पोचतो. तुम्हाला ते आवडायचं नाही. एकट्या बाईचं घर. जो आत येई तो विचारी, लग्न काऊन नाही केलं, म्हातारपणी कोण पाहील. तुम्ही दार लोटून घ्यायच्या आणि आम्हाला एकेकाला बाहेर उभं करायच्या. दोनदा वाजवा. थांबा. मग एकदा, हळू. तरी आतून कोणी या म्हटलं नाही तर मुकाट्यानं परत जा. "आत माणूस आहे म्हणजे तो तुमच्यासाठीच बसलाय असं नाही," हे तुमचं वाक्य. आम्ही पोरं हसायचो. आता वाटतं, त्या सगळ्या पुस्तकातला हा एकच धडा तुम्हाला स्वतःसाठी हवा होता. आधी विचारून आत येणारं कोणीतरी. खरं की नाही?

मग तो दिवस.

रोवण्याचे दिवस होते. धान लावायला बाया-माणसं सगळी बांधीत, गल्लीत कुत्रं नाही. माझी दुपारची गाडी होती, सुरतेला जायचं होतं. बारावीत दुसऱ्यांदा नापास झालो होतो आणि तुम्हाला सांगितलं नव्हतं. शर्ट पँटमध्ये खोचला, भावाचे बूट घातले, आणि निरोप घ्यायला तुमच्या दारात आलो.

दार लोटलेलं होतं. पायरीवर दुधाची गंजी होती, वर झाकण, झाकणावर दगड. गवळी सकाळी सहाला ठेवून जातो ती. तेव्हा अकरा वाजून गेले होते, बाई! मी ती गंजी पाहिली. बुटाचा धक्का लागू नये म्हणून तिला वळसा घातला.

दोनदा वाजवलं. थांबलो. आतून आवाज आला. भांडं पडून घरंगळल्यासारखा. मग काही नाही. मग एकदा वाजवलं, हळू. आणि परत फिरलो.

सगळ्यांत वाईट पुढं आहे. दार उघडलं नाही याचं मला बरं वाटलं. तुम्ही निकाल विचारला असता. "हेमू, पळून प्रश्न सुटतो का?" म्हणाला असतात. मी स्वतःला सांगितलं की बाई कामात असतील, बाईंनीच शिकवलंय, आत घुसू नये. किती छान कारण होतं! तुमचं पुस्तक मी जन्मात एकदाच नीट पाळलं, तेही पळण्यासाठी.

आठ दिवसांनी भावाचा फोन आला. बाई गेल्या, म्हणाला. लकव्याचा झटका आला होता, संध्याकाळी मावशीला सापडल्या, गोंदियाला नेलं, दोन दिवस होत्या. मी विचारलं, "सकाळी कोणी गेलं नव्हतं का त्यांच्याकडं?" भाऊ म्हणाला, "कोण जाईल? सारे रोवण्याले." मी फोन ठेवला. तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं.

त्यानंतर कुठल्याच खोलीत टिकलो नाही. शेजारच्या खोलीत ताट पडलं तरी उठून बसायचो. मालकाच्या केबिनवर वाजवायची वेळ आली की हात वर जायचा आणि तिथंच राहायचा, आतून काहीतरी घरंगळेल म्हणून. सुरतेचं काम त्यापायीच गेलं. लोकांना वाटायचं हा फिरस्ता आहे, याला जग पाहायचंय. जग कसलं, बाई!

दोन हिवाळ्यांपूर्वी नवेगाव-बांध इथं एका लॉजवर कामाला लागलो होतो. तळ्यावर पक्षी बघायला माणसं येतात, त्यांच्या बॅगा उचलायच्या, पहाटे होडीपर्यंत सोडायचं. तिथं एक गोरी म्हातारी आली, ब्रिटनची, तुमच्याच वयाची असेल. चहात दूध तीही वेगळंच घ्यायची, तेवढं पुस्तक खरं निघालं. एकदा धीर करून मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडं दार वाजवलं आणि उघडलं नाही तर परत जातात ना?

ती हसली. म्हणाली, ते पाहुण्यांसाठी. तिचं बालपण कोळशाच्या खाणीजवळच्या गल्लीत गेलं होतं. पुढचं दार डॉक्टरसाठी, पाद्र्यासाठी आणि घरातलं मढं बाहेर काढायला. बाकी शेजारपाजार मागच्या दारानं यायचा. मागच्या दाराला कडी नसायचीच. "मीच आहे गं" म्हणत शेजारीण थेट स्वयंपाकघरात! हुबेहूब आपली फुलवंता मावशी. आणि म्हणाली, सकाळची दुधाची बाटली दुपारपर्यंत पायरीवर दिसली, तर आमची शेजारीण वाजवत बसली नसती. दार फोडलं असतं तिनं.

मी तिची दुर्बीण हातात धरून उभा होतो. ती विचारत होती, काय झालं, बरं नाही का?

बाई, तुमच्या पुस्तकात पायरीवरच्या दुधाच्या बाटल्यांचं चित्र होतं! तुम्ही ते आम्हाला दाखवलंत आणि म्हणालात, बघा, त्यांचा गवळी ओरडत नाही. बास, एवढंच. बाटली तिथंच राहिली तर काय करायचं, ते का नाही सांगितलंत? मागचं दार का नाही सांगितलंत? रागावू नका. तुम्हालाही कोणी सांगितलं नसेल. आणि मला पुस्तकाची गरजच कुठं होती? मी ह्याच गल्लीत वाढलेला. गंजी बघून कळायला हवं होतं.

आज मावशी भेटली ती अशी.

"काऊन रे हेमू, केवा आलास? सुकून गेलास लेका."

"आत्ताच, मावशी."

"बाईच्या घराकडं का पाहून रायला? तिकडं जाऊ नोको. वाजवते थे."

"कोण वाजवते?"

"कोन वाजवते म्हने! मानूस असता त हाक नसती मारली? आपल्या गल्लीत दार कोन वाजवते रे? ज्यानं वाजवलं थो मानूस नोहे."

मग हे भूत कुठून निघालं ते, दवाखान्यातलं, तिनं सांगितलं. ते मला माहीत नव्हतं. तुमचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द कळत नव्हते. पण तुम्ही डाव्या हातानं खाटेच्या दांडीवर वाजवत होता. दोनदा. थांबून मग एकदा, हळू. आणि मावशीकडं बघत होता.

"कोन होता, असं विचारून रायली होती," मावशी म्हणाली. "मी का सांगू बाप्पा? यमदूत असंल, म्हटलं मनात."

बाई, तुम्हाला कळलं होतं. असं वाजवणारे ह्या गावात आम्ही सातच होतो. तुमच्या दाराशी तुमच्याच वर्गातला कोणीतरी आला आणि परत गेला, हे तुम्ही जमिनीवर पडून ऐकलंत. ते भांडं तुम्हीच ढकललंत ना? मला बोलवायला?

आता तुमच्या भाच्याला घरासाठी भाडेकरू मिळत नाही. एक जोडपं आलं होतं, पंधरा दिवसांत गेलं. पोरं तिथून पळत जातात. जिथं तुम्ही आम्हाला सॉरी आणि प्लीज म्हणायला शिकवलंत, तिथं लोक थुंकून पुढं जातात. पण त्याहून वाईट म्हणजे मावशी. डोळे पुसत म्हणाली, "डाक्टर म्हने दुपारीच आनाले पायजे होतं. मी त्या दिवशी रोवन्याले नसती गेली त घुसली असती ना रे आतमंदी. विरजण मागाले संध्याकारी गेली. माह्याच पायानं उशीर केला." सहा वर्षं ही बाई माझा दोष आपल्या पदरात बांधून फिरतेय, आणि मी तिच्याच हातचं पाणी पिऊन गप्प बसलो!

संध्याकाळची गाडी आहे. खिशात तिकीट आहे. खोटं कशाला बोलू, मगाशी दोनदा उठलो होतो.

पण मावशी येऊन राहिली, बाई. गल्लीच्या तोंडाशी दिसते, डोक्यावर गवताचा भारा आहे. आधी भारा उतरवायला हात देतो. मग सांगतो, त्या दिवशी दारात मी होतो, अकरा वाजता होतो, भांड्याचा आवाज ऐकूनही निघून गेलो, तुझा उशीर नव्हता. तिला एकटीला सांगून भागणार नाही. गावातलं भूत पानठेल्यावर सांगितल्याशिवाय मरत नाही, तेव्हा उद्या तिथंही उभा राहीन. भाच्यालाही सांगेन. मावशी रडेल, नाही तर हातातला विळा फेकून मारेल. जे बोलेल ते शेवटपर्यंत ऐकेन. ती "जा" म्हणेपर्यंत जागचा हलणार नाही. एवढं वचन देतो तुम्हाला.

तुमचा नापास विद्यार्थी,
हेमू