ब्रॅकस्टन क्लबची चार खोकी

१० ऑगस्ट १९८६, रविवार. पिस्कॅटवे.
आजपासून थीसिस, इथल्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतल्या पीएच.डी.ची. सीरियसली. विषय फर्स्ट क्लास आहे: इंग्लंडमधल्या ब्रॅकस्टन टाउन फुटबॉल क्लबचा ब्याण्णव वर्षांचा आर्थिक इतिहास. गिरणीतल्या विणकरांनी काढलेला क्लब. आता चौथ्या डिव्हिजनमध्ये, गळ्यापर्यंत कर्जात. मी स्वतः फुटबॉल कधी खेळलो नाही, मॅचही पाहिलेली नाही. त्यामुळे दृष्टी ऑब्जेक्टिव्ह राहते. चार वर्षांत अकरा पानं झाली. कमी वाटतात, पण पाया पक्का आहे.

१२ ऑगस्ट.
क्लबचे सेक्रेटरी मिस्टर पिलिंग, वय बहात्तर. ऑफिस रिकामं करताना त्यांनी जुन्या वह्या-कागदांची चार खोकी बोटीने मला पाठवली, स्वतःच्या खर्चाने. रद्दीत जाण्यापेक्षा अभ्यासकाकडे गेलेली बरी, असं लिहिलं होतं. अभ्यासक म्हणजे मी. खोकी येऊन दोन महिने झाले, उघडलेली नाहीत. आधी इंडेक्स कार्डांची सिस्टिम ठरायला हवी, नाहीतर सगळा विचका होतो. रूममेट गिरीश म्हणतो, उघड तरी, नाहीतर हलव तरी, बाथरूमला जायला वाट नाही. इंजिनिअर लोकांना रिसर्च कळत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार.
खोकी शेजारच्या एडिसन गावात त्र्यंबककाकांच्या बेसमेंटमध्ये नेली. काका बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र. दर रविवारी तिथे शांतपणे बसून काम करणार.

२४ ऑगस्ट, रविवार.
बेसमेंटमध्ये उतरणारच होतो. पण मालिनीकाकूंनी भरीत केलं होतं. मग डुलकी लागली. मग काकांनी पिक्चरची कॅसेट लावली. मध्येच उठणं बरं दिसत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार.
बेसमेंटमध्ये गणपती बसणार. आराशीला पायऱ्या हव्यात म्हणून काका प्लायवुड आणायला निघाले होते. मीच सुचवलं, माझी खोकी घ्या. मापात बसली. वर काकूंची जांभळी पैठणी. खरं सांगायचं तर खोकी दिसेनाशी झाली, म्हणून फार बरं वाटलं.

७ सप्टेंबर, रविवार.
गणपती बसले. तेरा मोदक खाल्ले. काकू म्हणाल्या, उद्याही ये. उद्या माझं डोकं दुखणार असं वाटतंय.

९ सप्टेंबर, मंगळवार.
पिलिंगचं एक्सप्रेस पत्र. क्लब बुडाला. बँक मैदान सुपरमार्केटवाल्यांना विकतेय. पण १९०८ साली गिरणीमालकाने ते मैदान गावाला फक्त खेळासाठी दिलं होतं, तसा ट्रस्टचा कागद आहे. तो कोर्टात दाखवला तर विक्री थांबेल. दुसरी प्रत नाही. कागद माझ्याकडच्या खोक्यांत आहे, कृपया कुरिअरने पाठवा, अठरा तारखेला सुनावणी. नऊ दिवस. भरपूर झाले.

११ सप्टेंबर, गुरुवार.
अडचण अशी की खोकी गणपतीखाली आहेत. उत्तरपूजा झाल्याशिवाय मूर्ती हलवत नाहीत. अनंत चतुर्दशी सतराला, कोर्ट अठराला. एका दिवसात इंग्लंडला कुरिअर जात नाही. म्हणजे आता माझ्या हातात काही नाही. एकदम हलकं वाटलं. गिरीश म्हणाला, काकांना एक फोन तर कर यार. मी म्हटलं, हा लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. त्यावर तो म्हणाला, तू काल बर्गर खाल्लास. ते वेगळं.

१४ सप्टेंबर, रविवार.
एडिसनला गेलो नाही. गेलो की खोकी दिसणार, उगाच मनाला त्रास. इंडेक्स कार्डं आणली. पाचशे, चार रंगांत. सिस्टिम आता जवळजवळ ठरली.

१६ सप्टेंबर, दुपारी दोन.
पिलिंगचा फोन. गिरीशने घेतला. मी हातानेच नाही म्हटलं, त्याने मी लायब्ररीत असल्याचं सांगितलं. पिलिंग म्हणे, थांबतो. पाच मिनिटं लाइनवर थांबले. इंग्लंडहून. फोन ठेवल्यापासून गिरीश माझ्याशी बोलत नाही. मूडी आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार.
आज कोर्ट. कार्डांवर नंबर घातले, एक ते पाचशे. लाज वाटायला हवी हे कळतं. पण आत काही हलत नाही, नुसतं बधिर. भूक मात्र नेहमीसारखी लागली.

२१ सप्टेंबर, रविवार.
एडिसन. बेसमेंटमध्ये पैठणी नव्हती, खोक्यांवर धुवायच्या कपड्यांची बास्केट होती. काकूंना म्हटलं, बुधवारी विसर्जन छान झालं असेल. त्या म्हणाल्या, बुधवारी कुठलं रे, आपला दीड दिवसाचा असतो. आठ तारखेलाच उत्तरपूजा झाली. तू का नाही आलास?

बास्केट खाली ठेवली. पहिलं खोकं उघडलं. कागद सगळ्यात वर, पाकिटात. दोन मिनिटं लागली.

काकांना विचारून पिलिंगना फोन लावला. मैदान गुरुवारीच गेलं होतं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, सापडला ना, छान झालं, निदान तुमच्या पुस्तकात तरी राहील. मग विचारलं, पुस्तक कुठवर आलंय?

म्हटलं, जवळजवळ झालंच.