बुबुळाचा रंग

३ फेब्रुवारी
आलं ते मशीन! माझ्या टेबलाशेजारीच मांडलंय, अर्धी खिडकी अडवून. पेशंटच्या चांगल्या डोळ्याचा एक फोटो काढायचा, की एआय त्यावरून खोट्या डोळ्याचं बुबुळ रेखाटतं आणि छापून देतं. चहा निवायच्या आत! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचंच काम हलकं होईल." हलकं म्हणे. उभा जन्म खोटे डोळे रंगवण्यात गेला, तेव्हा नाही कोणाला माझी दया आली.

५ फेब्रुवारी
मशीनची बुबुळं भिंगाखाली पाहिली. सुरेख आहेत — लिहिताना हात जड होतोय.

पण जीव नाही. रंग बरोबर, रेषा बरोबर, नजर मात्र नाही. मामांनी शिकवलं ते हेच — आधी माणूस बघ, मग डोळा. माणूस समोर बसतो, बोलतो, कधी रडतो. त्याच्याकडे बघत बघत मी रंगावर रंग चढवते. शिरांसाठी लाल रेशमाचा धागा उसवून त्याचे तंतू चिकटवते. नजर येते ती त्या बघण्यातून. खोटा डोळा कुठला, हे मी रस्त्यापलीकडून सांगते.

ह्यांना सगळं ऐकवलं. म्हणाले, "नाक मुरडण्यात तरी मशीन तुझी बरोबरी करणार नाही." बोलण्यात ह्यांचा हात कोण धरणार!

९ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंशी वाजलं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "पुढच्या पेशंटसाठी दोन्ही डोळे करू. निवडू दे त्यांनाच. तुमचं टेबल ठेवायचं का, तेही ठरेल."

पुढची पेशंट बसकंडक्टर आहे. अपघातात उजवा डोळा गेलाय.

१२ फेब्रुवारी
कंडक्टरबाई सकाळपासून समोर. तोंडाचा पट्टा चालू. "तिकीट कोण चुकवतोय ते मला एका डोळ्यानंही दिसतं." मग बोलता बोलता चांगला डोळा भरून आला. म्हणाल्या, "इतका वेळ माझ्याकडे नवऱ्यानंही बघितलं नाही हो कधी."

बुबुळात खालच्या अंगाला मधाच्या रंगाचा ठिपका आहे त्यांच्या. तो साधला. फार दिवसांनी असं काम जमून आलं. घरी येताना चक्क गुणगुणत होते.

१६ फेब्रुवारी
मशीनचा घेतला.

१७ फेब्रुवारी
काल पुढे लिहवेना. दोन्ही डोळे बसवून बघितले त्यांनी. आरशासमोरून हलेनात. मग माझा हात धरून म्हणाल्या, "राग मानू नका, बाई. तुम्ही केलेल्या डोळ्यात त्या दिवशीची मी दिसते, रडवेली. मला रोज चारचौघांत उभं राहायचंय."

राग कसला मानू? त्यांना डोळा हवा होता. मी त्यांचं दुःख रंगवून दिलं.

२० फेब्रुवारी
टेबल आतल्या खोलीत गेलं. तिथे उजेड नाही. ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले. सवयीने टोकं जुळवून ठेवली — कोणासाठी?

डॉक्टरीणबाई वाईट नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही तपासणीला राहा. बसवलेला डोळा कुठे खोटा वाटतो, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार?" म्हणजे मी चुका काढायच्या आणि त्या मशीनने सुधारायच्या. स्वतःच्या हाताने स्वतःवर माती लोटायची. हो म्हणाले. घरी बसून भिंतींशी बोलू का?

ह्यांना सांगितलं. एकही टोमणा नाही. तेव्हा खरं रडू आलं. माझ्यामागे हे काम कोणी करणार नाही. बरं झालं, मामा हे बघायला नाहीत.

२१ फेब्रुवारी
तरी एक आहे. मला कळतं. हात गेला, नजर राहिली. तेवढ्यावर दिवस काढायचे.

२४ फेब्रुवारी
तपासणीचा पहिला पेशंट. अनोळखी गृहस्थ, डोळा बसवूनच आले होते. खोटा कुठला, ते मी विचारलं नाही — मला काय गरज! समोर बघायला सांगितलं. सावकाश पाहिलं. म्हटलं, "डाव्यात जीव नाही. बदलून घ्या."

ते म्हणाले, "डावा माझा आहे, बाई."